दुधाच्या दातांची कीड

दुधाच्या दातांची कीड हा लहान मुलांच्या पहिल्या दातांचा क्षय घडवून आणणारा विकार होय. तोंडातील काही जीवाणू अन्नातील साखरेपासून आम्ल तयार करतात. या आम्लामुळे दाताच्या पृष्ठभागातील खनिजे विरघळतात आणि ही झीज भरून न निघाल्यास कालांतराने दातात खळगा पडतो. हा विकार पहिला दात हिरडीबाहेर आल्यानंतर केव्हाही सुरू होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मुख-आरोग्यविषयक अहवालानुसार जगातील सुमारे ५१.४ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. बालवयातील सर्वाधिक आढळणाऱ्या दीर्घकालीन विकारांत त्याची गणना होते. तो बहुतांशी टाळता येण्याजोगा असून अगदी आरंभीच्या अवस्थेत थांबवताही येतो. तथापि, ‘हे दात पडणारच आहेत’ या समजुतीमुळे त्याकडे दुर्लक्ष होते आणि ठणका किंवा सूज सुरू झाल्यावरच बहुसंख्य मुले दंतवैद्याकडे पोहोचतात.

## नाव व व्याख्या

मराठीत या विकारासाठी ‘दात किडणे’ किंवा ‘दाताला कीड लागणे’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत. शास्त्रीय लेखनात ‘दंतक्षय’ ही संज्ञा वापरतात. ‘कीड’ या शब्दामुळे दातात एखादी अळी असावी असा भास होतो. प्रत्यक्षात तशी कोणतीही अळी नसते.

सहा वर्षांखालील मुलाच्या एका जरी दुधाच्या दातावर किडीची खूण असेल, किडीमुळे तो दात गमवावा लागला असेल किंवा त्यात सिमेंट भरलेले असेल, तर त्या स्थितीस ‘बाल्यारंभीचा दंतक्षय’ म्हणतात. खळगा पडलेला नसून केवळ खडूसारखा पांढरा डाग असला, तरी तो या व्याख्येत मोडतो. तीन वर्षांखालील मुलाच्या दाताच्या गुळगुळीत पृष्ठभागावर अशी कोणतीही खूण आढळल्यास विकार तीव्र समजला जातो.

अमेरिकी दंतवैद्य एलियास फास यांनी १९६२ मध्ये बाटलीने दूध पाजण्याचा आणि या किडीचा संबंध मांडला. त्यानंतर ‘बाटलीची कीड’ अशा अर्थाची नावे प्रचारात आली. बाटली हे एकमेव कारण नसल्याचे स्पष्ट झाल्यावर १९९० च्या दशकात अधिक व्यापक असे आजचे नाव स्वीकारण्यात आले.

## दुधाच्या दातांची रचना व कालक्रम

दुधाचे दात एकूण २० असतात: आठ पटाशीचे, चार सुळे आणि आठ दाढा. त्यांची घडण गर्भावस्थेच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते. दात येण्याचा व पडण्याचा सर्वसाधारण काळ पुढीलप्रमाणे आहे. मुलामुलांत काही महिन्यांचा फरक पडणे स्वाभाविक असते.

- पटाशीचे मधले दात: ६ ते १२ महिन्यांत येतात, ६ ते ७ वर्षांत पडतात.
- पटाशीचे बाजूचे दात: ९ ते १६ महिन्यांत येतात, ७ ते ८ वर्षांत पडतात.
- पहिली दाढ: १३ ते १९ महिन्यांत येते, ९ ते ११ वर्षांत पडते.
- सुळे: १६ ते २३ महिन्यांत येतात, ९ ते १२ वर्षांत पडतात.
- दुसरी दाढ: २३ ते ३३ महिन्यांत येते, १० ते १२ वर्षांत पडते.

या कालक्रमावरून दिसून येते, की दुधाचे सर्व दात एकाच वेळी पडत नाहीत. समोरचे दात सहा-सात वर्षांच्या वयात पडू लागतात आणि तेच पालकांच्या नजरेस पडतात. दाढा मात्र त्यानंतरही तीन ते पाच वर्षे तोंडात राहतात. तीन वर्षांच्या मुलाच्या दुसऱ्या दाढेला कीड लागल्यास ती दाढ नैसर्गिकरीत्या पडण्यास आणखी सात ते नऊ वर्षे अवकाश असतो.

दाताचा सर्वांत बाहेरचा थर दंतवल्क म्हणजेच इनॅमल होय. तो मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याच्या आत दंतिन आणि सर्वांत आत दंतमज्जा असते. दंतमज्जेत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. दुधाच्या दातातील दंतवल्काची जाडी कायमच्या दातातील जाडीच्या सुमारे निम्मी असते. दंतमज्जेचा भाग मात्र दाताच्या आकाराच्या मानाने मोठा असून पृष्ठभागाच्या जवळ असतो. त्यामुळे दुधाच्या दातातील कीड मोठ्यांच्या दातातील किडीपेक्षा लवकर आत पोहोचते. शेजारच्या दाढा एकमेकींना रुंद, सपाट पृष्ठभागांनी टेकलेल्या असतात. त्यांच्यामध्ये अन्न व जीवाणू साचून तेथे बाहेरून न दिसणारी कीड सुरू होते.

## कारणे

दंतक्षय होण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: दात, आम्ल तयार करणारे जीवाणू, जीवाणूंना मिळणारी साखर आणि पुरेसा काळ.

### जीवाणू

दातांवर सतत प्लाक नावाचा चिकट थर साचत असतो. त्यातील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जीवाणू किडीच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा मानला जातो. तो साखरेपासून आम्ल तर करतोच, शिवाय दाताला घट्ट चिकटून राहण्यास उपयोगी पडणारा चिकट पदार्थही तयार करतो. किडीच्या पुढच्या अवस्थेत लॅक्टोबॅसिलस व इतर जीवाणूही सहभागी होतात. म्यूटन्स जीवाणू बाळाच्या तोंडात बहुधा आईकडून किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून लाळेवाटे येतात. घास चावून भरवणे, एकच चमचा वापरणे, चोखणी स्वतःच्या तोंडात घालून मग बाळाला देणे ही त्याची नेहमीची निमित्ते होत. म्हणून बाळाच्या दातांची काळजी घेताना घरातील मोठ्यांच्या किडलेल्या दातांवर उपचार करणे हितावह ठरते.

### साखर आणि तिची वारंवारता

साखरयुक्त पदार्थ तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच प्लाकमधील आम्लता वाढते. पीएच मूल्य सुमारे ५.५ च्या खाली उतरले, की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लाळेमुळे आम्लता पूर्ववत होण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दाताच्या पृष्ठभागात पुन्हा बसतात. हे जाणे व येणे दिवसभर चालू असते. दर तासाला काही गोड तोंडात पडत राहिल्यास पुन्हा बसण्याला वेळच उरत नाही आणि दाताची झीज होत राहते.

यामुळे एकूण साखरेइतकेच महत्त्व ती किती वेळा व किती वेळ तोंडात राहते याला असते. जेवणाबरोबर एकदाच खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर थोडे थोडे चघळलेले बिस्कीट अधिक अपायकारक ठरू शकते. चहात बुडवलेली बिस्किटे, चॉकलेट, गोळ्या, टॉफी, चिक्की, डबाबंद फळांचे रस, साखर घातलेले दूध आणि साखरेच्या पाकातील औषधे यांचा यात समावेश होतो. गूळ व मध साखरेपेक्षा ‘नैसर्गिक’ मानले जात असले, तरी दाताच्या दृष्टीने तीही साखरच होय. चिप्स, कुरमुऱ्यांसारखे पिष्टमय चिकट पदार्थ दाढांच्या फटींत अडकून राहतात व त्यांचेही काही प्रमाणात आम्ल होते.

### रात्रीचे दूध

झोपेत लाळ फारच कमी स्रवते आणि गिळण्याची क्रिया मंदावते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाच्या वरच्या पटाशीच्या दातांभोवती दूध साचून राहते. दुधात साखर, मध किंवा गोड पूड मिसळलेली असल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. खालचे पटाशीचे दात जिभेने झाकलेले असतात व लाळग्रंथींची मुखे त्यांच्याजवळ असतात, त्यामुळे ते बहुधा बचावतात. वरचे समोरचे दात किडलेले आणि खालचे निरोगी, हे या प्रकारच्या किडीचे ओळखचिन्ह आहे.

स्तनपानाने दात किडतात असे सरसकट म्हणता येत नाही. पहिल्या वर्षातील स्तनपान दातांसाठी हानिकारक मानले जात नाही आणि जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षे व त्यापुढेही स्तनपान चालू ठेवण्याची शिफारस करते. मात्र दात आल्यानंतर रात्रभर वारंवार पाजणे, त्याच्या जोडीला दिवसा गोड खाणे आणि दातांची स्वच्छता न राखणे या गोष्टी एकत्र आल्यास कीड लागण्याची शक्यता वाढते. स्तनपान बंद करण्यापेक्षा दात पुसून वा घासून स्वच्छ ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे.

### इतर कारणे

अकाली जन्म, कमी वजन, कुपोषण किंवा बालपणातील गंभीर आजार यांमुळे दंतवल्काची घडण सदोष राहू शकते व असे दात लवकर किडतात. दातांच्या स्वच्छतेचा अभाव, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट न वापरणे, दंतोपचारांची अनुपलब्धता आणि घरची आर्थिक ओढाताण यांचाही मोठा वाटा असतो. हा विकार गरीब व कमी शिकलेल्या कुटुंबांत अधिक आढळतो.

## किडीचे टप्पे व लक्षणे

१. पांढरा डाग: हिरडीलगत खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ किंवा डाग दिसतो. दात ओला असताना तो सहज दिसत नाही. स्वच्छ कापडाने पुसून कोरडा केल्यावर उठून दिसतो. या अवस्थेत खळगा नसतो व वेदना नसतात. साखरेची वारंवारता कमी केल्यास, दात नियमित घासल्यास आणि फ्लोराइडचा उपयोग केल्यास ही अवस्था थांबते व काही अंशी भरूनही येते.

२. दंतवल्काचा भंग: डाग पिवळसर वा तपकिरी होतो आणि पृष्ठभाग खरखरीत होऊन तुटतो. यापुढे दात आपोआप भरून येत नाही.

३. दंतिनातील कीड: खळगा मोठा होतो. थंड, गोड किंवा गरम पदार्थांनी दात ठणकतो. मूल एका बाजूने चावू लागते, घास तोंडात धरून ठेवते किंवा कडक पदार्थ टाळते.

४. दंतमज्जेचा दाह: रात्री आपोआप ठणका सुरू होतो, मूल झोपेतून रडत उठते.

५. गळू: दंतमज्जा मृत होऊन संसर्ग मुळाशी पोहोचतो. हिरडीवर पुटकुळी येते, पू वाहतो किंवा गाल सुजतो. पुटकुळी फुटल्यावर वेदना थांबते. त्यामुळे दात बरा झाला असा समज होतो, परंतु संसर्ग कायम असतो.

लहान मुले दातदुखी शब्दांत सांगू शकत नाहीत. चिडचिड, जेवण नाकारणे, झोप मोडणे, गालावर हात ठेवणे किंवा दात घासू न देणे ही तिची अप्रत्यक्ष लक्षणे असू शकतात.

## परिणाम

वेदनेमुळे मुलाचे खाणे व झोप बिघडते. तीव्र कीड असलेल्या मुलांचे वजन अपेक्षेपेक्षा कमी राहू शकते आणि उपचारानंतर ते सुधारल्याचे आढळून आले आहे. शाळा बुडणे, वर्गात लक्ष न लागणे, समोरचे दात काळे पडल्यामुळे हसण्या-बोलण्यात संकोच वाटणे हेही परिणाम दिसतात. समोरचे दात फार लवकर गेल्यास काही वर्णांच्या उच्चारात अडचण येऊ शकते.

प्रत्येक दुधाच्या दाताखाली कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी दीर्घकाळ संसर्ग राहिल्यास त्या अंकुराच्या दंतवल्काची घडण बिघडते आणि पुढे येणारा कायमचा दात डागाळलेला किंवा खडबडीत निघतो. अशा दातास ‘टर्नरचा दात’ म्हणतात.

दुधाचे दात कायमच्या दातांसाठी जागाही राखून ठेवतात. दुधाची दाढ अकाली काढावी लागल्यास मागची दाढ पुढे सरकते, तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेस वाट उरत नाही आणि दात वाकडे वा एकमेकांवर चढलेले येतात. दुधाच्या दातांना कीड लागलेल्या मुलांच्या कायमच्या दातांनाही कीड लागण्याचा संभव अधिक असतो, कारण तोंडातील जीवाणू व खाण्याच्या सवयी त्याच राहतात.

क्वचित संसर्ग चेहऱ्याच्या व मानेच्या ऊतींत पसरतो. गालावर किंवा जबड्याखाली वाढती सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास ही आणीबाणीची लक्षणे होत. अशा वेळी मुलास तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

## निदान

चांगल्या प्रकाशात, दात कोरडे करून केलेली पाहणी ही निदानाची मुख्य पद्धत आहे. लहान बाळाची तपासणी पालक व दंतवैद्य गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसून करतात. बाळाचे डोके दंतवैद्याच्या मांडीवर व पाय पालकाकडे असतात. दाढांच्या मधल्या फटींतील कीड शोधण्यासाठी गरजेनुसार क्ष-किरण छायाचित्र काढतात. सर्वेक्षणांत किडलेल्या, किडीमुळे काढलेल्या व भरलेल्या दुधाच्या दातांची बेरीज करून मुलाचा दंतक्षय निर्देशांक ठरवतात.

## उपचार

उपचाराची निवड किडीची खोली, मुलाचे वय व सहकार्य आणि दात पडण्यास उरलेला काळ यांवर अवलंबून असते.

- फ्लोराइड वार्निश: पांढऱ्या डागांच्या अवस्थेत दातांवर फ्लोराइडचा दाट लेप लावतात. तो दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो.
- सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड: हा द्रव किडलेल्या भागावर लावल्यास कीड बहुतेक वेळा थांबते. भूल किंवा कोरणे लागत नाही. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, ही त्याची उणीव होय. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड टूथपेस्ट व ग्लास आयोनोमर सिमेंट यांच्यासह त्याचा समावेश केला.
- दात भरणे: कीड काढून खळग्यात ग्लास आयोनोमर सिमेंट किंवा दाताच्या रंगाचे संमिश्र द्रव्य भरतात. केवळ हाताच्या उपकरणांनी कीड काढून सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. वीज व यंत्रे नसलेल्या ठिकाणी ती उपयुक्त ठरते. पाऱ्याचे मिश्रण मुलांच्या दातांत आता टाळले जाते. मिनामाता करारातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार दुधाच्या दातांत व १५ वर्षांखालील मुलांत त्याचा वापर, वैद्यकीय अपवाद वगळता, बंद करण्यास सदस्य देशांना सांगण्यात आले आहे.
- स्टीलची टोपी: दाढेचा बराच भाग किडला असल्यास तिच्यावर तयार मिळणारी पोलादी टोपी बसवतात. १९५० पासून ही पद्धत वापरात आहे. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दात न कोरता व भूल न देता टोपी बसवून कीड आतच बंद केली जाते.
- दंतमज्जेवरील उपचार: कीड मज्जेपर्यंत पोहोचल्यास मज्जेचा वरचा किंवा संपूर्ण भाग काढून आत औषध भरतात. लोकव्यवहारात यास ‘लहान मुलांचे रूट कॅनाल’ म्हणतात. वापरलेले औषध दुधाच्या दाताच्या मुळाबरोबर विरघळणारे असते, त्यामुळे कायमचा दात येण्यास अडथळा होत नाही.
- दात काढणे: दात वाचवणे शक्य नसल्यास तो काढतात. दाढ अकाली काढली असल्यास मोकळी जागा राखण्यासाठी शेजारच्या दाढेवर तारेची कडी बसवतात.

फार लहान किंवा अनेक दात किडलेल्या मुलांवर कधी कधी पूर्ण भूल देऊन एकाच वेळी उपचार करावे लागतात. प्रतिजैविकांनी सूज तात्पुरती उतरते, पण किडलेल्या दातातील संसर्गाचे मूळ जात नाही. त्यामुळे दातावरील उपचार टाळता येत नाही. मुलांना दातदुखीसाठी अॅस्पिरिन देऊ नये. रेज सिंड्रोम या गंभीर विकाराचा धोका असतो.

## प्रतिबंध

- पहिला दात येण्यापूर्वी दूध पाजल्यानंतर बाळाच्या हिरड्या स्वच्छ, ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात.
- पहिला दात दिसताच मऊ केसांच्या लहान ब्रशने दिवसातून दोनदा दात घासण्यास आरंभ करावा. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे अधिक महत्त्वाचे असून त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये.
- फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी घ्यावी. मुलास फेस थुंकण्यास शिकवावे. नंतर भरपूर पाण्याने चूळ भरल्यास फ्लोराइड धुऊन जाते.
- सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताची पकड दात नीट घासण्यापुरती तयार झालेली नसते. तोपर्यंत मोठ्यांनी स्वतः दात घासून द्यावेत.
- बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. एक वर्षाच्या सुमारास पेल्याने पिण्याची सवय लावावी. दुधात साखर घालू नये.
- चोखणीला मध लावू नये. एक वर्षाखालील बाळास मध देणे बॉट्युलिझम या विषबाधेच्या धोक्यामुळेही वर्ज्य आहे.
- गोड पदार्थ जेवणाबरोबर द्यावेत. दोन खाण्यांच्या मधे फळे, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे (घशात अडकण्याच्या भीतीमुळे चार-पाच वर्षांनंतरच), काकडी, गाजर यांस प्राधान्य द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार आहारातील एकूण ऊर्जेपैकी मुक्त शर्करेचा वाटा १० टक्क्यांहून कमी, शक्य तर ५ टक्क्यांहून कमी असावा.
- पहिला दात आल्यावर, किंवा उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, दंतवैद्याची पहिली भेट व्हावी.
- महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून हिरडीलगतचे दात पाहावेत. पांढरा डाग या पाहणीतच लक्षात येतो.

महाराष्ट्रात काही घरांत दात घासण्यासाठी राखुंडी, कोळशाची पूड किंवा मशेरी वापरली जाते. राख व कोळसा यांनी दंतवल्क घासले जाते. मशेरी ही भाजलेली तंबाखू असून तिचे व्यसन लागते. ती मुलांना कधीही देऊ नये.

## प्रचलित गैरसमज

‘दुधाचे दात पडणारच, मग उपचार कशाला?’ हा सर्वांत दृढ गैरसमज होय. दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत लागतात आणि त्यांच्या संसर्गाचा परिणाम कायमच्या दातांवर होतो, हे वर आलेच आहे.

‘सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची असते’ अशीही समजूत आढळते. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, कोणताही दात न पडता येणारी ही दाढ कायमची असते. ती दुधाची समजून दुर्लक्षित राहते व अनेकदा सर्वांत आधी किडते. तिच्या खोल चिरा बुजवणारे सीलंट लावल्यास किडीस बराच आळा बसतो.

‘कीड आनुवंशिक असते’ या समजुतीत तथ्यांश थोडाच आहे. दंतवल्काची घडण व लाळेचे गुणधर्म काही अंशी आनुवंशिक असतात. परंतु एका घरात सर्वांचे दात किडण्यामागे बहुधा समान आहार, समान सवयी व एकमेकांकडून आलेले जीवाणू हे कारण असते.

## इतिहास

दातात अळी असते ही कल्पना अतिप्राचीन असून बाबिलोनियातील इष्टिकालेखांतही ती आढळते. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ या रोगाचे वर्णन आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी तोंडात घेऊन ‘अळ्या’ पाडण्याचा उपचार चालत असे; पडणारे पांढरे कण हे वस्तुतः उष्णतेने फुटलेल्या बियांचे अंकुर असत. भारतातही रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील कीड काढण्याचा प्रघात होता. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दंतकृमींची कल्पना नाकारली.

बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये, तोंडातील जीवाणू पिष्ट व शर्करेपासून आम्ल करतात व त्यामुळे दात विरघळतो, हा सिद्धांत मांडला. १९२४ मध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स वेगळा केला. १९६० च्या सुमारास पॉल कीझ व रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून कीड एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होऊ शकते हे दाखवले.

साखर खाण्याची वारंवारता व चिकटपणा यांचे महत्त्व स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील प्रयोगांतून स्पष्ट झाले. १९४० च्या दशकात सुरू झालेल्या या प्रयोगांत मनोदुर्बल रुग्णांना त्यांच्या संमतीविना चिकट टॉफ्या खाऊ घालून त्यांचे दात किडू दिले गेले. निष्कर्ष आजही ग्राह्य मानले जात असले, तरी हा प्रयोग वैद्यकीय नीतीच्या उल्लंघनाचे उदाहरण म्हणून ओळखला जातो.

फ्लोराइडचा शोध दातांवरील डागांच्या अभ्यासातून लागला. फ्रेडरिक मॅके यांना अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे डागाळलेले पण कमी किडणारे दात आढळले. १९३१ मध्ये पाण्यातील फ्लोराइड हे डागांचे कारण असल्याचे निष्पन्न झाले. १९४५ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स हे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणारे पहिले शहर ठरले.

## भारत व महाराष्ट्र

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांना दंतक्षय असल्याचे आढळले.

भारतात पाण्यात फ्लोराइड मिसळले जात नाही. अनेक भागांत भूजलातच ते गरजेपेक्षा जास्त असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे स्वीकार्य प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅम, तर पर्यायी स्रोत नसल्यास कमाल १.५ मिलिग्रॅम आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आदी जिल्ह्यांतील काही गावांत हे प्रमाण ओलांडले जाते व दातांवर डाग पडतात. अशा गावांत मुलांनी टूथपेस्ट गिळू नये याची अधिक दक्षता घ्यावी लागते व फ्लोराइडच्या वापराबाबत दंतवैद्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या योजनेत दंतविकारांचाही समावेश आहे. फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांना एकदा भेट देतात आणि गरजू मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवतात. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबई महानगरपालिकेच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात बालदंतोपचारांचे विभाग आहेत.

पथकाच्या भेटींमध्ये अनेक महिन्यांचे अंतर असते. पांढऱ्या डागाचा खळगा होण्यास लहान मुलांत याहून कमी अवधी पुरू शकतो. त्यामुळे तपासणी योजना अस्तित्वात असली, तरी आरंभीची कीड ओळखण्याचे काम प्रामुख्याने घरातील माणसांकडे व अंगणवाडी सेविकांकडेच राहते.

## हेही पाहा

- दात
- दंतवल्क
- फ्लोरोसिस
- स्तनपान
- अंगणवाडी
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम